पितळ उघडे पडते तेव्हा

बंदूक मी जन्मात हाती धरलेली नाही. तरीही झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कशा घासतात, हे वाचता वाचता मला आपल्या माजघरातल्या पितळेचीच कुंडली उलगडत गेली!

पुंगळीचे पितळ म्हणजे ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त. अमेरिकेतले हौशी नेमबाज ती फेकून देत नाहीत. साफ करून पुन्हा भरतात. (आपल्याकडे परवान्यावाचून कोणी हा उद्योग केला, तर त्याची दिवाळी गजाआड व्हायची!) बुडातली जळकी टोपी काढायची, साबणाच्या पाण्यात किंचित लिंबाचे सत्त्व घालून पुंगळ्या धुवायच्या, वाळवायच्या आणि अक्रोडाच्या टरफलांच्या भरड्यात तासन् तास घोळवायच्या. आंबट जास्त झाले की जस्त निघून जाते आणि तांबूस डाग उरतो. चिंचेत रात्रभर राहिलेल्या गडूवर तो आपल्या गृहिणींनीही पाहिला असेल.

अमोनियाचे पॉलिश मात्र ही मंडळी कटाक्षाने टाळतात. त्याचे कारण दडले आहे हिंदुस्थानच्या पावसाळ्यात. एकोणिसाव्या शतकात इथल्या इंग्रजी फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवीत. उघडीप झाल्यावर पाहावे, तो पुंगळ्या गोळीपाशी आपोआप तडकलेल्या! मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली या कोड्याचा उलगडा केला. पुंगळी ओढून-दाबून घडवताना पितळेच्या अंगात ताण राहून जातो. घोड्यांच्या मुतातून निघालेला अमोनिया दमट हवेच्या साहाय्याने नेमका त्या ताणावर घाला घालतो.

उपाय एकच: पुंगळी बेताने तापवून हा ताण घालवायचा. धातू तापवून मऊ करण्याची ही विद्या पुण्याच्या तांबट आळीला काही नवी नाही. ठोकून ठोकून भांडे कडक झाले की तांबट ते भट्टीत लाल करतो आणि मगच पुढचा घाव घालतो. कित्येक लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी निळसर झाक ही अशाच तापवण्याची खूण असते.

म्हणून पुंगळी उजळली की खरे काम सुरू होते. जाणकार ती उजेडात फिरवून चीर शोधतो. आत वाकडी तार घालून बुडाजवळ खाच लागते का, ते चाचपतो. शंका आली की पुंगळी मोडीत! घंगाळ चिरले तर न्हाणीत पाणी सांडेल. पुंगळी फाटली तर जळता वायू नेमबाजाच्या तोंडावर यायचा.

यंदा माळ्यावरचे पितळ घासून झाले, की त्याच्या काठावरून एकदा बोट फिरवून पाहा. आणि अमोनियाची बाटली खिडकीच्या काचांसाठीच राहू द्या.