फळ पिकवणारा वायू : इथिलीन

बंगळुरूच्या के. आर. मार्केटमधून आपण कच्च्या वेलची केळ्यांची फणी आणतो आणि चार दिवसांत ती पिवळी होते. हे काम इथिलीन नावाच्या वायूचे. ते कसे चालते, क्रमाने पाहू.

आधी रेणू. इथिलीनमध्ये कार्बनचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू असतात. दोन कार्बन दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्या बंधात आणखी अणू सामावून घ्यायला वाव असतो, म्हणून हा ‘असंपृक्त’ हायड्रोकार्बन.

फळाच्या पेशींत हा वायू ओळखणारी प्रथिने असतात आणि त्यांत तांब्याचे आयन. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन या तांब्याला धरतात आणि पिकण्याचा संदेश सुटतो. स्टार्चची साखर होते, साल रंग बदलते, गर मऊ पडतो. फळ स्वतःही इथिलीन सोडू लागते, त्यामुळे शेजारची फळेही पिकतात.

व्यापारी हेच काम रायपनिंग चेंबरमध्ये करतात. हवेच्या दहा लाख भागांत इथिलीनचे 100 भाग, ही कायद्याची मर्यादा. बंगळुरूजवळ हेसरघट्टा इथल्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने स्वस्त पद्धतही दिली आहे: हवाबंद तंबूत एथरेल या द्रवात अल्कली मिसळून वायू सोडायचा. फळ मात्र द्रवात बुडवायचे नाही.

इथे दोन चुका होतात. एक, खोलीत हवा खेळवत नाहीत. फळांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचला की पिकणे मंदावते. दुसरी, गळतीकडे दुर्लक्ष. हवेत सुमारे 3 टक्के इथिलीन झाले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

सर्वांत वाईट चूक म्हणजे फळे पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरणे. ओलावा लागताच त्यातून ॲसिटिलीन निघतो. तिहेरी बंधाचा हा वायूही पिकण्याचा संदेश देतो, पण इथिलीनपेक्षा खूपच दुबळा. शिवाय औद्योगिक कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरसचे विषारी अंश असतात. म्हणून त्याने फळे पिकवण्यावर बंदी आहे.

घरी आपण कच्ची फळे एका पिकल्या केळ्यासोबत कागदी पिशवीत ठेवावीत. प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधू नये. पिकायला प्राणवायूही लागतो. कच्ची केळी फ्रिजमध्ये ठेवू नयेत, साल काळवंडते.

आणि आंबा घेताना तो झाडावर पुरता तयार झालेला आहे ना, हे विचारून घ्यावे. कोवळ्या फळाला इथिलीन रंग देईल, गोडी देणार नाही.