कातरणांची ईदी

रमजानचे पहिले दहा रोजे सरले की शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा राहत नाही. कुणाचा कुर्ता, कुणाचा सलवार-कमीज, कुणाचा लहानग्यासाठी पठाणी. तरावीहची नमाज आटोपल्यावरही मशिनची घरघर सुरूच असते. दिंडोरीसारख्या तालुक्याच्या गावी हे दिवस दुहेरी धावपळीचे. अलीकडे रमजान नेमका द्राक्षांच्या हंगामात येतो आहे. बागेत खुडणी आणि गावात शिलाई. या गडबडीत मशिनच्या पायाशी कातरणांचा ढीग वाढत जातो. बोटभर रुंदीच्या पट्ट्या, चौकोन, तिरपे तुकडे. ईद झाली की तो केरात जातो.

पण हातशिलाई येणाऱ्या बाईला त्या ढिगात गोधडी दिसते.

गोधडी ही कुणा एका धर्माची नाही. कुठे ती वाकळ, बाळापुरती असेल तर दुपटं. आजीचं विरलेलं लुगडं, आजोबांचं धोतर, अम्मीची नमाजेची ओढणी, शेजारणीचं सुती पातळ, हे सगळं एकावर एक अंथरायचं आणि धावदोऱ्याने पक्कं करायचं. नवजात बाळाला नव्या कापडाची खळ टोचते, म्हणून पहिलं दुपटं जुन्या मऊ कापडाचं, हा शहाणपणा दोन्ही घरांत सारखाच. बाळाच्या पहिल्या ईदेला असं दुपटं दिलं, तर नोटांच्या पाकिटापेक्षा ते जास्त दिवस आठवणीत राहतं.

अशा बारीक पट्ट्यांसाठी सातासमुद्रापारची एक घडण फार सोयीची आहे. अमेरिकेत तिला ‘लॉग केबिन’ म्हणतात, म्हणजे ओंडक्यांचं घर. अब्राहम लिंकन यांचा जन्म अशाच घरातला. १८६०च्या दशकात, त्यांच्या काळात, ही घडण तिकडे घरोघरी पोहोचली. मधोमध एक छोटा चौकोन, बहुधा लाल. तो घरातल्या चुलीची खूण मानला जातो. त्याभोवती ओंडके रचावेत तशा पट्ट्या. दोन बाजूंना फिक्या, दोन बाजूंना गडद. चुलीच्या उजेडाने अर्धं घर उजळावं आणि अर्धं सावलीत राहावं, असा प्रत्येक चौकट्याचा थाट.

हिशेब सोपा आहे. मधला चौकोन अडीच इंचांचा कापायचा, पट्ट्या दीड इंच रुंद. प्रत्येक शिवणीत पाव इंच जातो. चौकोनाभोवती पट्ट्यांचे तीन फेरे झाले की आठ इंचांचा चौकटा तयार. एका चौकट्याला बारा पट्ट्या. असे वीस चौकटे चार-पाचच्या रांगांत जोडले की बाळासाठी ३२ बाय ४० इंचांचं दुपटं होतं. म्हणजे २४० पट्ट्या, त्यातल्या निम्म्या फिक्या आणि निम्म्या गडद. प्रत्येक पट्टी जोडल्यावर शिवण इस्त्रीने दाबायची, नाहीतर चौकटा वाकडा होतो. कातरणं आधी धुऊन घ्यायची, कारण नवा लाल रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो. सुतीबरोबर सुतीच घ्यायचं. सुती कापड आटतं, पॉलिस्टर आटत नाही, आणि पहिल्याच धुण्यात दुपट्याला सुरकुत्या पडतात. शेवटी खाली अस्तर, मध्ये जुनं लुगडं, वर हे चौकटे आणि तिन्ही थरांतून धावदोरा.

कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात, सिद्दी बाया ‘कवंदी’ शिवतात. आफ्रिकी वंशाच्या या समाजात हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती असे सगळेच आहेत आणि कवंदी सगळ्यांची. त्यांची रीत मात्र उलटी. त्या कडेपासून सुरुवात करतात आणि तुकडे लावत मध्यावर येतात. कोपऱ्यांवर दुमडलेल्या कापडाचं ‘फूल’ लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. कुणी मध्यातून बाहेर जातं, कुणी कडेहून आत येतं. ऊब तीच.

अमेरिकेतल्या अलाबामामधल्या जीज बेंड या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत लॉग केबिनचीच बहीण शोभेल अशी ‘हाउसटॉप’ घडण रुजली. तिथल्या मिझुरी पेटवे यांनी १९४२मध्ये, पती गेल्यावर, त्यांच्या शेतातल्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. या वस्तीतल्या गोधड्या २००२मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. गेलेल्या माणसाचं कापड पांघरून झोपणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या बायांना कुणी संग्रहालयात नेऊन समजावण्याची गरज नाही.

तरी एक प्रश्न उरतो. चिंध्यांची वस्तू सणाला भेट द्यावी का? शंका खोटी नाही. जे स्वतःला मिळालं तर डोळे मिटूनच घ्यावं लागेल, असं निकस दुसऱ्याला देऊ नये, अशी कुराणाची शिकवण आहे. नको झालेलं उतरवणं म्हणजे देणं नव्हे. पण २४० पट्ट्या निवडून, धुऊन, जोडून जे होतं ते उरलेलं राहत नाही. त्यात कापड कमी आणि वेळ जास्त असतो. रोजाच्या दिवसांत, घर आणि बाग सांभाळून काढलेला वेळ. आणि तोच आज दुर्मीळ आहे. बाजारात गुबगुबीत ब्लँकेट स्वस्तात मिळतं, सुती लुगडं नेसणाऱ्या आज्या कमी झाल्या, आणि धावदोरा शिकायला बसणारी नात तर त्याहून कमी. एक पिढी सुई खाली ठेवते तेव्हा नुसती गोधडी जात नाही. कुणाचं कोणतं कापड कुठे आहे, हे बोटाने दाखवत सांगायची गोष्टही जाते.

सहेरीची वेळ कुठवर, हे सांगताना कुराणात पहाटेच्या पांढऱ्या आणि काळ्या धाग्याची खूण दिली आहे. पांढरा धागा काळ्यापासून वेगळा दिसू लागला की रोजा सुरू. लॉग केबिनच्या चौकट्यातही उजेड आणि अंधार असे एकमेकांना लागून असतात, मधल्या लाल तुकड्याला धरून.

चाँदरातीला अजून अवकाश आहे. शिंप्याच्या दुकानात कातरणं पडलीच आहेत. ती केरात टाकण्याआधी पिशवीभर मागून घेतली, तर कोणताही शिंपी नाही म्हणणार नाही.