वळवणच्या तळ्यातील महासीर

घाटमाथ्यावरील तळ्यांचा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी बांधली गेली, १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले, आणि पुढे मुळशीच्या धरणापायी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळात सत्याग्रह झाला. माझे मन मात्र कित्येक वर्षे या पाण्यातील एकाच माशात गुंतलेले आहे, आणि तो म्हणजे आपल्या नद्यांतली खडशी, अर्थात दख्खनचा महासीर.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रातून हा मासा मिळवून १८३९ साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रुपयाहून मोठाली खवले, निळसर झाक असलेले पर आणि जाड, मांसल ओठ ही त्याची ठळक लक्षणे. जबड्यात एकही दात नाही, पण घशात असे बळकट दात आहेत की गोगलगायीचे कवच तेथे सहज भरडले जाते. कणकेची गोळी लावून गळ टाकणाऱ्या जाणत्या माणसास विचारा, तो सांगेल की आमिष तोंडात घेताक्षणीच हा मासा धारेच्या दिशेने जी मुसंडी मारतो तिच्यापुढे रोहू-कटल्याची ओढ काहीच नव्हे.

गळाचा विषय निघालाच आहे तर चालुक्य नृपती तिसऱ्या सोमेश्वराचे स्मरण केल्यावाचून राहवत नाही. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या त्याच्या ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून गळ, दोर, आमिषे आणि माशांच्या जाती यांचा त्यात विचार आहे. कांडताना ओव्या गाणाऱ्या महाराष्ट्रीय स्त्रियांची नोंद करणाऱ्या या राजाला माशाच्या भक्ष्याचीही तितकीच आस्था असावी, हे मला फार मोलाचे वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पावसाळ्यात नदीला लोंढा आला की महासीर प्रवाहाविरुद्ध चढून, वाळू-गोट्यांच्या उथळ, वाहत्या पाण्यात अंडी घालतो. धरणाच्या भिंतीने ती वाट अडते, आणि तळ्याला येऊन मिळणाऱ्या ओढ्यांची मुखे तेवढी त्याला उरतात. वळवणच्या काठी टाटांनी १९७० च्या सुमारास जे बीजोत्पादन आरंभिले, ज्यात सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञाचा हात होता, त्याचा पाया हीच गोष्ट होय. चढणीवर आलेली पक्व मादी ओल्या फडक्यात धरतात आणि तिच्या पोटावरून शेपटीच्या दिशेने हलकेच अंगठा फिरवतात, तशी पिवळी, सोनेरी अंडी कोरड्या परातीत ओघळतात. त्यांवर नराचे रेत सोडून ते पक्ष्याच्या पिसाने हळुवार मिसळायचे आणि मग पाणी घालायचे. ही अंडी जड असल्याने तळाशी बसतात, म्हणून वाहत्या पाण्याच्या उथळ तबकांत ती पसरतात. सुमारे तीन दिवसांत पिले निघतात, परंतु पोटाशी बलकाची जड पिशवी असल्याने ती आठवडाभर उजेड टाळून कोपऱ्यात एकमेकांना बिलगून पडून राहतात. निसर्गात या आठवड्यात पाणी गढूळ होऊन गाळ बसला, की सारी पिढीच गारद होते.

महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीला मी मुद्दाम गेलो होतो. तेथे देवीच्या डोहातील हे मासे कोणी मारीत नाही. चुरमुऱ्यांची मूठ पाण्यावर टाकली तर क्षणात काळ्याशार पाठी वर येतात. सरकारी कायद्याच्या कितीतरी आधीपासून लोकश्रद्धेने माशाला दिलेले हे अभय मला कोणत्याही अभयारण्याहून श्रेष्ठ वाटते.

लोणावळ्याचे बीज अनेक प्रांतांत गेले, आणि येथे माझा उत्साह आवरता घ्यावा लागतो. कावेरीत सोडलेली ही जात तेथे इतकी फोफावली की त्या नदीचा स्वतःचा, पाठीवर कुबड असलेला महासीर नामशेष होण्याच्या सीमेवर आला. म्हणून खडशीचे बीज कृष्णा, भीमा यांसारख्या तिच्या मूळ नद्यांत आणि त्यांच्या जलाशयांतच सोडावे असे माझे स्पष्ट मत आहे. शिवाय तलावांच्या मासेमारीचा मक्ता देताना करारनाम्यात एक कलम घालावे: आषाढ-श्रावणात ओढ्यांच्या मुखाशी जाळे लावू नये आणि तेथील वाळू-गोटे कोणीही उपसू नयेत.