शिरपूर
महाराष्ट्र राज्याच्या वाशिम जिल्ह्यातील (मालेगाव तालुका) जैनांचे तीर्थक्षेत्र. १९९८ पूर्वी ते अकोला जिल्ह्यात मोडत असे. येथे पार्श्वनाथाची दोन मंदिरे आहेत. गावाबाहेरील ‘पवळी’ मंदिर अधिक जुने, हेमाडपंती धर्तीचे व तारकाकृती विधानाचे असून त्याचे शिखर मात्र विटांचे आहे. वास्तुकलेच्या दृष्टीने शिरपूरचे खरे भूषण हेच. तथापि यात्रेकरूंची रीघ असते ती गावातील मंदिराकडे. त्याच्या तळघरात अंतरिक्ष पार्श्वनाथाची काळी, अर्धपद्मासनस्थ मूर्ती आहे. ती भूमीला न टेकता अधांतरी राहते, अशी श्रद्धा असल्याने हे नाव पडले. अचलपूरच्या श्रीपाळ (एल) राजाने ती गाडीतून नेताना मागे वळून पाहिले आणि ती येथेच थांबली, अशी आख्यायिका आहे. जिनप्रभसूरीच्या विविधतीर्थकल्पात (चौदावे शतक) या क्षेत्राचा वृत्तांत आढळतो.

मूर्ती वाळू व शेण यांची असल्याचे परंपरा सांगते. म्हणून तिला वेळोवेळी लेप द्यावा लागतो. या लेपात कटिसूत्र व कासोटा दाखवावा की नाही, हेच श्वेतांबर व दिगंबर यांच्यातील तंट्याचे मूळ. पूजेच्या वेळा १९०५ मध्ये समजुतीने वाटून घेतल्या होत्या. पण लेपावरून प्रकरण न्यायालयात गेले. प्रिव्ही कौन्सिलने १९२९ मध्ये व्यवस्थापन व लेपाचा अधिकार श्वेतांबरांकडे ठेवून दिगंबरांचा ठरल्या वेळी पूजा करण्याचा हक्क मान्य केला. वाद मात्र शमला नाही. १९८१ पासून मंदिराला कुलूप होते व भाविकांना झरोक्यातूनच दर्शन घ्यावे लागे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडण्यात आले.