उभ्या उसात वर्षाचा प्रवास
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आपण एरवी बेणे, खत, पाणी आणि बांधणी यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा निराळा आहे, पण ऊस त्यातूनही सुटलेला नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांतला एखादा तरी मुलगा नवी मुंबईत असतो. कोणी वाशीच्या मार्केटात माथाडी, कोणी तुर्भ्याच्या कंपनीत, कोणी बँकेत. अशाच एका सभासदाच्या नेरूळला राहणाऱ्या मुलाने ठरवले की, एक वर्षाची बिनपगारी रजा काढायची आणि बायको, दोन मुले व आईवडील यांना घेऊन कॅराव्हॅनमधून, म्हणजे आत झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेल्या गाडीतून, सबंध देश हिंडायचा. वडिलांचे वय ६८, तीन एकर ऊस, दोन म्हशी. पंढरीची वारी सोडली तर चाळीस वर्षांत हा माणूस आठ दिवसांच्या वर घराबाहेर राहिलेला नाही. ते गट ऑफिसात आले आणि म्हणाले, "साहेब, पोराला तुम्हीच चार गोष्टी सांगा. ऊस काय कुलूप लावून जायाची वस्तू हाय का?"

प्रश्न रास्त होता. उसाला कुलूप लागत नाही हे खरेच. परंतु उसाच्या आयुष्यात एक टप्पा असा येतो की, त्या काळात मालकाने रोज बांधावर उभे राहिलेच पाहिजे असे नाही. तो टप्पा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, एवढे पाहिले की झाले. वर्षाचा कार्यक्रम आखणे हे आमचे नेहमीचेच काम, म्हणून मी पोराला उपदेश करण्याऐवजी कागद-पेन्सिल घेतली.

आडसालीची लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट. समजा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लावण झाली, तर साडेचार महिन्यांनी, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात मोठी बांधणी येते. तोवर घरचा माणूस शेतात हवाच. तणनाशक, फुटव्यांची संख्या, खताचे हप्ते, सगळे त्याच काळातले. बांधणी झाली, ऊस कांड्यावर आला की आत माणसाला शिरायलाही जागा उरत नाही. मग राहते ते पाणी, ठिबकमधून द्यायचे खत आणि किडीवर, रानडुकरांवर नजर. पुढल्या वर्षी नोव्हेंबरात तोच ऊस सोळा महिन्यांचा होतो आणि तोडीच्या पाळीला लागतो. तेव्हा निघायचे डिसेंबरच्या मध्याला आणि परत यायचे नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. हाती अकरा महिने लागतात. पोराच्या वर्षातला एक महिना उसाने खाल्ला, त्यावर तो जरा कुरकुरला. पण नेरूळचे घर लिव्ह अँड लायसन्सवर द्यायचे तर तो करारही साधारण अकरा महिन्यांचाच असतो, हे त्याच्या बायकोने लक्षात आणून दिले आणि कुरकुर थांबली.

सुरू उसाला हे गणित जमत नाही. लागण जानेवारी-फेब्रुवारीत आणि तोड बारा महिन्यांनी, म्हणजे बांधणीनंतर हाती सहा-सात महिनेच राहतात. खोडव्याचे आणखी निराळे आहे, ते ज्याने त्याने आपल्या शेतकी मदतनीसाला विचारावे.

आता मागे कोण? पाण्याची जबाबदारी चुलत पुतण्याने घेतली. पुतण्या शहाणा आहे, तरी काय द्यायचे, काय घ्यायचे ते कागदावर लिहून घ्या असे मी सांगितले. घरच्या माणसाशी लिहिणे अवघड वाटते, पण न लिहिल्याने जी भांडणे होतात ती आम्ही दर हंगामात पाहतो. पोराने मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला आहे. वस्तू चांगली. मात्र लेहवरून मोटर चालू करता आली तरी फुटलेला पाइप लेहवरून दिसत नाही, म्हणून रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन फिरणारा माणूस लागणारच. सन २०२१ पासून पीकपेरा मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीने लागतो आणि त्यासाठी शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. ते पुतण्याला शिकवून ठेवले. म्हशींचे त्यांच्या मंडळींनी आधीच ठरवले होते, एक विकायची आणि दुसरी लेकीकडे. "मला रामेश्वर बघायचंय. तुमचा ऊस मला आडवा येत न्हाई," असे त्या माउलीने आम्हा दोघांसमोर सांगितले, तेव्हा आबांचा निम्मा विरोध तिथेच मोडला.

राहिला मार्ग. पोराने भिंतीवर देशाचा नकाशा लावून रेघा ओढल्या होत्या. त्यात तो मे महिन्यात राजस्थानात आणि जुलैत कोकणात होता! प्रवासाचा नकाशा आधी पाऊस आणि ऊन पाहून काढावा, रस्ते मागाहून बघावेत. आम्ही तोडणी कार्यक्रमही असाच करतो. पाण्याखाली जाणारी, चिखलाची शिवारे कधी रिकामी करायची हे आधी धरतो आणि मग बाकीची बसवतो.

डिसेंबरात पनवेलहून ६६ क्रमांकाचा महामार्ग धरायचा. तो कोकण, गोवा, कारवार, केरळ करत थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीच्या मोसमी पावसाचा काळ, म्हणून तिकडे संक्रांतीनंतर वळायचे. फेब्रुवारीत आंध्र, ओडिशा. मार्चमध्ये बंगाल आणि आसाम, कारण एप्रिलपासून आसामात वादळी पाऊस वाढतो. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूर या राज्यांत जायला इनर लाइन परमिट लागते, ते आधी काढायचे. एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातून लवकर निघून पानिपत, कर्नाल आणि मग हिमाचलचा गारवा. जूनअखेर मनालीवरून लेह. लडाख डोंगरांच्या आड असल्याने पावसाळ्याचे दोन महिने तिथे पुष्कळ कोरडे जातात. सप्टेंबरात काश्मीर आणि पंजाब, ऑक्टोबरात राजस्थान, गुजरात आणि मग घर.

यात आबांची खरी अडचण लेहची होती. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, त्यांना रक्तदाबाची गोळी. डॉक्टरांनी मान हलवली. दुसरे म्हणजे आषाढी. "वारी चुकवून म्या हिंडाया जायाचा न्हाई," हे त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितले होते. म्हणून असे ठरले की, जूनच्या सुरुवातीला दोघांनी दिल्लीहून रेल्वेने घरी यायचे, वारी करायची, पावसाळाभर उसाकडे बघायचे आणि सप्टेंबरात मुंबईहून थेट अमृतसरच्या गाडीने जाऊन पुन्हा पोरांना गाठायचे. पावसाळ्यात मालक बांधावर असणार हे कळल्यावर पुतण्याही निर्धास्त झाला. आणि अमृतसरहून पुढे घुमान! गुरदासपूर जिल्ह्यातले हे गाव नामदेव महाराजांचे. २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही तिथे भरले होते. महाराजांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. हे ऐकल्यावर आबांनी नकाशा स्वतःकडे ओढून घेतला.

मग त्यांनी आणखी दोन ठिकाणे घातली, ती मी सुचवलेली. एक कोईमतूर. को ८६०३२ आपण पिढीभर लावतो, त्यातला 'को' म्हणजे कोईमतूर. तिथल्या ऊस प्रजनन संस्थेची स्थापना १९१२ ची. 'कोएम ०२६५' मधला 'एम' तेवढा महाराष्ट्राचा, आपल्या पाडेगावच्या केंद्राचा. दुसरे कर्नाल. तिथल्या उपकेंद्रात निघालेली को ०२३८ ही जात उत्तर प्रदेशात इतकी पसरली की, शेतकऱ्यांनी दुसरे बेणे ठेवलेच नाही, आणि मग रेड रॉटने तिला गाठले. आबांनी हे तिकडच्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकावे अशी माझी इच्छा आहे, कारण बेणे बदला हे माझ्याकडून त्यांनी वीस वर्षे ऐकून सोडून दिले आहे. वाटेत तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याची हकिकत मराठीत कोरलेली आहे, ती नातवंडांनी वाचावी.

गाडी पाहायला मी नेरूळला गेलो. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, आतून बदलून घ्यायची. गॅरेजवाला म्हणाला होता, "कागदपत्रांचं नंतर बघू." हे चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलापेक्षा गाडीत मोठा फेरफार करायचा तर आरटीओची परवानगी लागते, आणि कॅराव्हॅन म्हणून नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करू शकते. काम थांबवून आधी वाशीच्या आरटीओत अर्ज केला. आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण काढले आहे, भाड्याच्या गाड्याही मिळतात. माझे मत असे की, विकत घेण्याआधी तशी गाडी भाड्याने घेऊन घरच्या सगळ्यांनी चार दिवस राहून पाहावे. सहा माणसे, एक मोरी. चार दिवसांत पुष्कळ कळते.

वजनाचे सांगतो. सहा माणसांना हात राखून वापरले तरी दिवसाला शंभर-सव्वाशे लिटर पाणी लागते. दीडशे लिटरची टाकी म्हणजे दीडशे किलो, आणि ती टपावर बसवायची असे ठरत होते. उसाची ट्रॉली वळणावर का उलटते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. टाकी खाली घेतली. गॅसचा मोठा सिलिंडरही नको म्हटले. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर पेट्रोल पंपावर मिळतो, तो हवेशीर कप्प्यात ठेवावा आणि गाडी चालू असताना बंद ठेवावा. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या उभ्या रेल्वे डब्यात सिलिंडरने आग लागून नऊ जण दगावले, ही गोष्ट विसरू नये.

सामान भरण्याचा सल्ला मात्र मी दिलेला नाही, तो आपल्या फडावर आलेल्या टोळीतल्या एका बाईने दिला. बीड जिल्ह्यातून दर दिवाळीला बिऱ्हाड घेऊन निघणारी. तिला विचारले तर हसली आणि म्हणाली, "आधी लागंल ते मागून भरायचं. ताडपत्री, चूल, काडीपेटी समद्यात शेवटी. उतरल्या उतरल्या लेकराला खायला पायजे." दाणे खाली, अंथरूण वर, पाण्याचे भांडे हाताशी. पोराने हे वहीत लिहून घेतले. तिचा प्रवास उचलीपायी आणि याचा हौसेपायी, ते एका पारड्यात घालता येत नाहीत; पण सहा महिने बाहेर संसार मांडायचे ज्ञान आपल्या भागात कोणाला असेल तर या लोकांना. रस्त्यांची माहिती तशीच वाशीच्या मार्केटातल्या ट्रकवाल्यांकडून मिळाली. कोणत्या घाटात रात्री थांबू नये, कुठल्या पंपावर मुक्कामाला जागा देतात, हे नकाशात नसते.

मुलांची शाळा हा सर्वांत नाजूक भाग. एक तिसरीत, एक सहावीत. २०२३-२४ पासून राज्यात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे, तेव्हा ती दोन वर्षे या प्रवासात येऊ देऊ नयेत. सुदैवाने येत नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाचीही सोय आहे. कायदा असला तरी मुख्याध्यापकांना आधी भेटून पुस्तके आणि अभ्यासक्रम घ्यावा, रोज सकाळी दोन तास अभ्यास झाल्याशिवाय गाडी हलवू नये. गणित मागे पडले की पुन्हा धरणे कठीण. टोळीतल्या मुलांचे दर वर्षी काय होते ते आपण पाहतोच. त्यांच्याकडे आई शिकवायला मोकळी नसते.

खर्चाचे थोडक्यात. तीन दिवसांत एक दिवस चालायचे, त्या दिवशी दोनशे कि.मी. ११० दिवसांचे २२,००० कि.मी. लिटरला दहा कि.मी. आणि डिझेल ९० रुपये धरले तर १,९८,००० रुपये. नेरूळच्या घराचे भाडे महिना वीस हजार धरले तरी अकरा महिन्यांत २,२०,०००. डिझेल त्यातून भागते. टोल, दुरुस्ती आणि दवाखाना यांसाठी वेगळे पैसे हवेत. जेवण घरच्याइतकेच. मात्र ऊसबिलावर या प्रवासाचा एक रुपयाही टाकू नये असे मी स्पष्ट सांगितले. सोसायटीचे पीककर्ज त्यातून वळते होणार आणि पुढल्या लागणीला बेणे-खत लागणारच.

लावण गेल्या जुलैत झाली, ऊस नोंदीला लागला, बांधणीनंतर दोन दिवसांनी निघायचे ठरले आहे. परवा आबा पुन्हा ऑफिसात आले होते. शंका एकच उरली होती, दिवाळीची सभासद साखर कोण उचलणार? त्यांना सांगितले तेच इथे लिहितो. शेअर्स विभागात अधिकारपत्राचा नमुना मिळतो, त्यावर सभासदाची सही आणि साखर नेणाऱ्याचे नाव घालून साखर कार्डासोबत निघण्यापूर्वी जमा करावे. अधिकारपत्राशिवाय पुतण्याला काय, सख्ख्या मुलालाही साखर मिळत नाही.