मागचा हूक नसलेली ट्रॉली

कोल्हापूरच्या एका वाचकानं विचारलंय, 'धाकटा माडीवरच्या खोलीत एसी बसवून बरण्यांत कीडाजडी पिकवायची म्हणतोय. हिमालयातलं ते औषध आमच्याकडे येईल का?'

हिमालयातलं येणार नाही. ती कीडाजडी, म्हणजे ऑफिओकॉर्डिसेप्स सायनेन्सिस, पतंगाच्या मातीतल्या अळीला आतून पोखरते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. बरणीत नारिंगी बोटं फुटतात ती तिच्या चुलतबहिणीची, कॉर्डिसेप्स मिलिटॅरिसची. तिला ब्राउन राइसवरही वाढवता येतं. विशीच्या आसपास तापमान, आधी अंधार, मग उजेड, साधारण दोन महिने. मात्र बियाणं पुन्हापुन्हा वाढवत नेलं की वाण बिघडतो. पांढरी बुरशी बरणीभर पसरते आणि काड्या काही येत नाहीत. एप्रिलचं वीजबिल वेगळंच.

गंमत म्हणजे ज्या कॉर्डिसेपिनच्या नावावर कॅप्सूल खपतात, ते १९५० साली या स्वस्त बहिणीतच सापडलं. ते काय करतं हे कोल्हापूरकरांना समजावणं सोपं आहे. गळीत हंगामात ट्रॅक्टरमागे ट्रॉली, तिच्या मागच्या हुकाला दुसरी ट्रॉली, हे दृश्य रोजचंच. पेशी आरएनए असाच जोडत नेते. फक्त ट्रॉल्या दोन नसतात, शेकड्यांनी आणि हजारांनी असतात. कॉर्डिसेपिन म्हणजे दिसायला हुबेहूब यातल्याच अडेनोसिन नावाच्या ट्रॉलीसारखी ट्रॉली. पुढचा दांडा ठीक, म्हणून पेशी तिला बिनधास्त जोडून घेते. मागे पाहावं तर हूकच नाही! एक ऑक्सिजन अणू कमी, एवढाच फरक. पुढची ट्रॉली अडकवणार कुठे? माळ तिथेच थांबते. परीक्षानळीत वाढणाऱ्या कर्करोगाच्या पेशींवर याचा परिणाम दिसतो, आणि जाहिरातवाले तेवढंच सांगतात.

पुढचं सांगत नाहीत. आपल्या शरीरातलं एक विकर ही खोटी ट्रॉली ओळखून झटपट निकामी करतं. असं विकर असताना बुरशी ही ट्रॉली टिकवते कशी? २०१७ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दाखवलं की बुरशी कॉर्डिसेपिनसोबत पेंटोस्टॅटिनही बनवते, आणि ते त्या विकरालाच रोखून धरतं. मालाबरोबर रखवालदार! हे वाचलं त्या दिवशी मी घरात चार जणांना थांबवून सांगितलं होतं. पण पेंटोस्टॅटिन हे रक्ताच्या एका दुर्मीळ कर्करोगावर शिरेतून देण्याचं जोरकस औषध आहे. ते कॅप्सूलमध्ये किती उतरलं, हे मी पाहिलेल्या एकाही डबीवर लिहिलेलं नव्हतं.

तालमीतल्या पोरांनाही ही पावडर 'दमसास वाढतो' म्हणून खपवली जाते. या कीर्तीचं मूळ १९९३ मध्ये आहे. बीजिंगला चिनी धावपटू वांग जुनशियानं १०,००० मीटरचा विश्वविक्रम तब्बल ४२ सेकंदांनी मोडला आणि तिचे प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय दिलं कीडाजडीला आणि कासवाच्या रक्ताला. पुढे २००० च्या सिडनी ऑलिम्पिकआधी मा यांच्या सातपैकी सहा धावपटूंना रक्तचाचणीनंतर चिनी संघातून वगळलं गेलं. ही दुसरी बातमी जाहिरातीत येत नाही. पैलवानांनी आपली थंडाई घोटावी, हे बरं.

कीडाजडीच्या या गाजावाजात मला हळहळ वाटते ती आपल्या फणसोंब्याची. फणसाच्या जुन्या खोडाला घोड्याच्या खुरासारखं लाकडी, तपकिरी कवक लागतं, तोच हा. कुणी फणसअळंबे म्हणतात. कोकणात लहान मुलाचं तोंड आलं, लाळ फार गळू लागली, की हे हिरड्यांना लावत. पुणे विद्यापीठातले कवकशास्त्रज्ञ जे. जी. वैद्य यांनी १९९३ मध्ये एका सहकाऱ्यासह लोकऔषधांतल्या कवकांवर लेख लिहिला, आणि पुढेही अशा कवकांच्या नोंदी केल्या. वर्ष तेच, विश्वविक्रमाचं. फणसोंब्याच्याच गोतावळ्यातलं सांगह्वांग नावाचं कवक कोरियात लागवड करून विकलं जातं. आपला फणसोंबा मात्र थरावर थर चढवत झाडावरच बसून आहे, आणि त्याची जाहिरात अजून माझ्या पाहण्यात नाही.