ट्यूनर कार्ड, दूरचित्रवाणी

आकाशक, केबल किंवा डिश यांच्याकडून येणारा दूरचित्रवाणीचा संकेत स्वीकारून त्यातून हवी ती वाहिनी वेगळी काढणारे आणि संगणकास हाताळता येईल अशा अंकीय माहितीच्या स्वरूपात ती पुरविणारे इलेक्ट्रॉनीय साधन म्हणजे दूरचित्रवाणी ट्यूनर कार्ड होय. हे कार्ड संगणकातील पीसीआय वा पीसीआय एक्स्प्रेस खाचेत बसवितात किंवा यूएसबी जोडणीने बाहेरून जोडतात. दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यास जोडलेल्या व चित्रपट, संगीत आणि दूरचित्रवाणी या तिन्हींसाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकास होम थिएटर संगणक म्हणतात. अशा संगणकात ट्यूनर कार्डामुळे कार्यक्रम पाहणे, ठरावीक वेळी त्याचे मुद्रण करणे व चालू कार्यक्रम मध्येच थांबवून पुढे पाहणे शक्य होते. कार्डाची निवड संगणकाच्या क्षमतेपेक्षा घरापर्यंत पोहोचणाऱ्या प्रक्षेपणाच्या पद्धतीवर अधिक अवलंबून असते. प्रक्षेपणपद्धती जुळत नसेल, तर उत्तम प्रतीचे कार्डही निरुपयोगी ठरते.

रचना व कार्य : सदृश प्रक्षेपणासाठी असलेल्या कार्डात धातूच्या बंद पेटीतील ट्यूनर हा मुख्य भाग असतो. त्यातील स्थानिक आंदोलकाची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनांची संख्या) बदलून कोणत्याही वाहिनीचा संकेत एकाच मध्यस्थ कंप्रतेवर आणला जातो. भारतात वापरल्या गेलेल्या पॅल-बी पद्धतीत चित्रवाहकाची मध्यस्थ कंप्रता ३८·९ मेगॅहर्ट्‌झ असते. उदा., वाहिनी क्रमांक ५ चा चित्रवाहक १७५·२५ मेगॅहर्ट्‌झवर असतो. तो घेण्यासाठी स्थानिक आंदोलक २१४·१५ मेगॅहर्ट्‌झवर ठेवतात व या दोहोंतील फरक ३८·९ मेगॅहर्ट्‌झ येतो. यानंतर छानक व विवर्धक यांमधून गेलेल्या संकेतातून चित्र व ध्वनी वेगळे करण्यात येतात आणि चित्राचे संकलित मंडलाच्या साहाय्याने अंकीकरण होते. ब्रुकट्री कंपनीची बीटी ८४८ व बीटी ८७८ आणि फिलिप्स कंपनीचे एसएए ७१३४ ही संकलित मंडले या कामासाठी विशेष प्रचारात होती.

पॅल पद्धतीत सेकंदास २५ चित्रे पाठविली जातात. प्रत्येक चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे व प्रत्येक बिंदूस २ बाइट धरल्यास सेकंदास सु. २०·७ मेगॅबाइट, म्हणजेच तासास सु. ७५ गिगॅबाइट इतकी माहिती निर्माण होते. ती जशीच्या तशी साठविणे व्यवहार्य नसल्यामुळे तिचे संक्षेपण करावे लागते. एमपीईजी-२ पद्धतीने सेकंदास ४ मेगॅबिट हा दर ठेवल्यास तासाभराचे मुद्रण सु. १·८ गिगॅबाइटमध्ये मावते. स्वस्त कार्डांत हे काम संगणकाच्या मुख्य प्रक्रियकावर सोपविलेले असते. त्यामुळे मंद संगणकावर चित्रे गळतात आणि ध्वनी व चित्र यांचा मेळ राहत नाही. संक्षेपणाचे स्वतंत्र मंडल असलेली कार्डे महाग असत. परंतु मुद्रणासाठी तीच समाधानकारक ठरत.

अंकीय प्रक्षेपणाच्या कार्डाचे कार्य वेगळे असते. प्रक्षेपणाच्या वेळीच कार्यक्रमाचे संक्षेपण झालेले असल्यामुळे कार्डास फक्त वाहक तरंगातून अंकीय प्रवाह वेगळा करून तो संगणकाकडे पाठवावयाचा असतो. मुद्रण म्हणजे हा प्रवाह डिस्कवर उतरविणे होय; त्यात चित्राची प्रत मुळीच घटत नाही. शिवाय एका वाहक तरंगावर अनेक वाहिन्या एकत्र येत असल्याने एकच ट्यूनर असलेल्या कार्डानेही त्या तरंगावरील अनेक वाहिन्यांचे मुद्रण एकाच वेळी करता येते. वेगवेगळ्या वाहक तरंगांवरील वाहिन्या एकाच वेळी हव्या असल्यास मात्र दोन ट्यूनर असलेले कार्ड घ्यावे लागते.

प्रक्षेपण व निवड यांचा संबंध : प्रक्षेपणपद्धती बदलली की योग्य कार्डाचा प्रकारही बदलतो, हे वऱ्हाडातील अमरावती व अकोला या शहरांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. दूरचित्रवाणीचे तरंग साधारणतः सरळ रेषेत जातात. १५० मी. उंचीच्या मनोऱ्यावरील प्रक्षेपण १० मी. उंचीच्या आकाशकास सपाट प्रदेशात सु. ६३ किमी. पर्यंतच नियमितपणे मिळू शकते. नागपूरपासून सरळ रेषेत अमरावती सु. १४० किमी. व अकोला सु. २२० किमी. अंतरावर आहे. त्यामुळे नागपूरच्या प्रक्षेपकाचा या शहरांना भरवशाचा उपयोग होण्यासारखा नव्हता. इन्सॅट-१ ब हा उपग्रह १९८३ साली अवकाशात सोडल्यानंतर देशभर अल्पशक्ती प्रक्षेपक उभारण्यात आले व उपग्रहाकडून आलेला कार्यक्रम ते स्थानिक परिसरात पुन्हा प्रक्षेपित करू लागले. अमरावती व अकोला येथेही दूरदर्शनचे कार्यक्रम अशा स्थानिक प्रक्षेपकांद्वारे मिळू लागले. १९९० नंतरच्या दशकात खाजगी केबल जाळी पसरली. या दोन्ही मार्गांनी येणारा संकेत पॅल पद्धतीचाच असल्याने एकच सदृश कार्ड आकाशकास व केबलला सारखेच चालत असे. केबलसाठी नेहमीच्या पट्ट्यांमधील विशेष वाहिन्याही घेऊ शकणारा ट्यूनर असणे एवढीच अधिक अट होती.

ही स्थिती पुढे पालटली. केबल दूरचित्रवाणीविषयीच्या १९९५ च्या कायद्यात २०११ साली दुरुस्ती होऊन केबल प्रक्षेपणाचे टप्प्याटप्प्याने अंकीकरण सुरू झाले. नागपूरचा समावेश मार्च २०१३ ही मुदत असलेल्या दुसऱ्या टप्प्यात होता. अमरावती व अकोला यांसारख्या उरलेल्या शहरांसाठी डिसेंबर २०१५ ही, तर ग्रामीण भागासाठी वाढवून दिलेली मार्च २०१७ ही मुदत होती. दूरदर्शनचे भूपृष्ठावरील सदृश प्रक्षेपक मोजके अपवाद वगळता मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आले. परिणामी सदृश कार्डांना थेट घेता येईल असा संकेतच या शहरांत उरला नाही. अशा जुन्या कार्डाचा उपयोग आता सेट-टॉप बॉक्स किंवा जुना व्हिडिओ कॅसेट यंत्रसंच त्याच्या संमिश्र चित्रसंकेताच्या खोबणीस जोडण्यापुरताच राहिला आहे. घरगुती समारंभांच्या जुन्या फितींचे अंकीकरण करण्यासाठी मात्र हा उपयोग मोलाचा आहे.

निवडीचे निकष : (१) केबल व खाजगी डीटीएच सेवा यांचे संकेत सांकेतिक स्वरूपात बद्ध केलेले असतात. केबलसाठीच्या डीव्हीबी-सी कार्डास तरंग मिळाला, तरी सेवाचालकाच्या सेट-टॉप बॉक्समधील उकलव्यवस्थेवाचून बद्ध वाहिन्यांचे चित्र उमटत नाही. (२) परदेशी बाजारासाठी बनविलेली कार्डे पारखून घ्यावी लागतात. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेले कार्ड बहुधा तेथील एनटीएससी किंवा एटीएससी पद्धतीचे असते. यांपैकी पहिली पद्धत ५२५ रेषांची असून तिच्यात चित्रवाहक व ध्वनिवाहक यांतील अंतर ४·५ मेगॅहर्ट्‌झ असते. भारतीय पद्धतीत रेषा ६२५ व हे अंतर ५·५ मेगॅहर्ट्‌झ असते. एटीएससी प्रक्षेपण तर भारतात होतच नाही. (३) यूएसबीला लावण्याच्या स्वस्त कांड्या पुष्कळदा यूरोपातील डीव्हीबी-टी प्रक्षेपणासाठी असतात. भारतात दूरदर्शनने भूपृष्ठावरील अंकीय प्रक्षेपणासाठी डीव्हीबी-टी२ पद्धत स्वीकारली व २०१६ मध्ये १६ शहरांत ते सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) ही शहरे होती. वऱ्हाडातील एकही नव्हते. डीव्हीबी-टी कांडीला टी२ संकेत वाचता येत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. (४) दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली निःशुल्क सेवा उपग्रहावरून थेट मिळते. तिच्यासाठी डीव्हीबी-एस२ कार्ड लागते. ते जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीचा संकेतही वाचू शकते. संगणकावर स्वतंत्रपणे दूरचित्रवाणी पाहण्याचा व मुद्रित करण्याचा हाच मार्ग वऱ्हाडात सर्वांत सोयीचा आहे. (५) कार्डाची ड्रायव्हर आज्ञावली संगणकावरील कार्यकारी प्रणालीस चालणारी असावी लागते. विंडोजमधील मीडिया सेंटर ही आज्ञावली २०१५ च्या विंडोज १० मधून वगळण्यात आल्याने तिच्यावर विसंबलेल्या कार्डांची अडचण झाली. लिनक्स प्रणालीत टीव्हीहेडएंड व मिथटीव्ही या आज्ञावली वापरता येतात. मात्र त्या विशिष्ट कार्डास आधार आहे किंवा नाही हे खरेदीपूर्वीच पाहणे इष्ट असते.

जोडणी : फ्री डिशचे प्रक्षेपण ९३·५° पूर्व रेखांशावरील उपग्रहावरून होते. त्यासाठी अमरावती येथे डिशचा रोख दक्षिणेपासून सु. ३८° व अकोला येथे सु. ४०° पूर्वेकडे ठेवतात. दोन्ही ठिकाणी उपग्रह क्षितिजापासून सु. ५९° ते ६०° उंचीवर असतो. उंची इतकी असल्यामुळे मेळघाटातील दऱ्यांतही डोंगर सहसा आड येत नाहीत. जवळची उंच झाडे मात्र टाळावी लागतात. डिशच्या मुखाशी असलेल्या एलएनबी या घटकात ११·१ गिगॅहर्ट्‌झ व त्यापुढील कंप्रतांतून ९·७५ गिगॅहर्ट्‌झची स्थानिक कंप्रता वजा होते व उरलेला संकेत कार्डाच्या ९५० ते २,१५० मेगॅहर्ट्‌झ या मर्यादेत बसतो. एलएनबीला लागणारा विद्युत् दाब कार्डाकडूनच केबलमार्गे पुरविला जातो व त्याचे १३ किंवा १८ व्होल्ट हे मूल्य तरंगाच्या ध्रुवणाची निवड करते. घरातील सेट-टॉप बॉक्स व कार्ड एकाच डिशवर स्वतंत्रपणे चालवावयाचे असल्यास दोन निर्गम असलेला एलएनबी घ्यावा लागतो. केवळ वायर दुभागल्यास एक साधन दुसऱ्याच्या वाहिनीनिवडीत व्यत्यय आणू शकते.

स्थानिक हवामानाचाही विचार करावा लागतो. या भागात उन्हाळ्यात तापमान ४५° से. च्या वर जाते. त्यामुळे पंखा नसलेल्या अरुंद पेटीत कार्ड व हार्ड डिस्क दोन्ही तापतात. कार्डाशेजारची खाच मोकळी ठेवल्यास हवा खेळती राहते. जोराच्या पावसात उच्च कंप्रतेचे उपग्रह-तरंग क्षीण होऊन चित्र तुटते; हा कार्डाचा दोष नसतो. अशा वेळी अधिक व्यासाची डिश व तिचा अचूक रोख यांमुळे व्यत्यय कमी होतो. मुद्रण चालू असताना वीज गेल्यास ते अर्धवट राहते व क्वचित सगळी फाइलच बिघडते. म्हणून वीज वारंवार जाते तेथे संगणकास अखंड वीजपुरवठा संच जोडणे आवश्यक ठरते.

मर्यादा : आंतरजालावरून चित्रपट व मालिका मिळू लागल्यापासून ट्यूनर कार्डांचा प्रसार घटला असून सदृश कार्डे बाजारातून बहुतेक नाहीशी झाली आहेत. तथापि आंतरजालाची जोडणी जेथे अपुरी वा महाग आहे, तेथे मासिक शुल्काशिवाय मिळणारे व इच्छेनुसार साठविता येणारे प्रक्षेपण हा कार्डाचा विशेष कायम आहे. म्हणून कार्ड निवडताना प्रथम छपरावर कोणता संकेत मिळतो, तो खुला आहे की बद्ध, हे पाहावे लागते. संगणकाची खाच, आज्ञावली व किंमत यांचा विचार त्यानंतरचा होय.